टोक नसलेला चाकू

इंग्लंडमध्ये जुन्या वस्तूंच्या बाजारात एक चाकू हमखास दिसतो. काळी, बारीक चौकड्या कोरलेली मूठ, एका टोकाला तांब्याची किंवा लोखंडाची कडी, पोटात एक जाडजूड पातं आणि पाठीला चिकटून मिटलेला बोटभर लांबीचा लोखंडी सुळा. चाकू हातात घेणारा आधी पातं उघडतो आणि विचारतो, ‘याचं टोक मोडलंय का?’ मग तो सुळा उघडतो. तेवढ्यात बाजूला उभं असलेलं कुणीतरी ठाम आवाजात सांगतं, ‘ते घोड्याच्या खुरात अडकलेले खडे काढायला!’

टोक मोडलेलं नसतं आणि सुळ्याचा घोड्याशी संबंध नसतो. तरी ही खड्यांची गोष्ट ब्रिटनमध्ये इतकी मुरली आहे की दुकानदारही ती मालाबरोबर फुकट देतात. चाकू मुळात खलाशाचा. ब्रिटिश आरमारात त्याचं लाडकं नाव ‘पसर्स डर्क’, म्हणजे कोठाराच्या कारभाऱ्यानं दिलेला खंजीर. नाव खंजिराचं आणि टोकच नाही, हा थट्टेचा भाग.

१. सुळा कशासाठी?

आधी दोर समजून घ्यायला हवा. सुताचे अनेक धागे एका दिशेनं पिळले की त्यांचा एक पदर होतो. असे तीन पदर उलट्या दिशेनं एकत्र पिळले की दोर होतो. पदर उलगडू पाहतात तेव्हा दोराचा पीळ घट्ट होतो, आणि दोर उलगडू पाहतो तेव्हा पदर घट्ट होतात. एकमेकांना धरून ठेवणारे हे दोन उलटे पीळ हीच दोराची सगळी करामत. घरातली काथ्याची दोरी टोकाशी थोडी उलगडून पाहिली तरी ते दिसतं.

आता या दोराच्या टोकाला कायमचा फास हवा आहे. गाठ मारता येते, पण गाठीत दोर इतका करकचून वळतो की त्याची ताकद निम्म्यावरही येऊ शकते. म्हणून खलाशी गाठ टाळतो. टोकाचे तीन पदर सुटे करायचे, दोर वळवून आणायचा आणि ते पदर मूळ दोराच्या पदरांखालून एकाआड एक ओवायचे. तागासारख्या नैसर्गिक धाग्याच्या दोरात असे निदान तीन फेरे घालण्याची रीत. सांधा नीट जमला तर दोराची बहुतेक ताकद शाबूत राहते.

अडचण एवढीच की डांबर लावलेल्या, ताणाखाली आवळलेल्या दोराच्या पदरांमध्ये बोट शिरत नाही. तिथं हा सुळा लागतो. त्याचं नाव मार्लिनस्पाइक. मार्लिन म्हणजे जहाजावरची बारीक डांबरी दोरी. गोणपाट शिवायचं दाभण जे काम करतं तेच हा करतो, फक्त त्याला नाकं नसतं. पदरांत घुसवायचा, फिरवायचा, फट पडली की त्यातून पदर ओढून घ्यायचा. भिजून फुगलेली, दगडासारखी झालेली गाठही यानंच सैल होते.

मग घोडा कुठून आला? हाच चाकू ब्रिटिश लष्करानंही वापरला. त्याचा ‘६३५३/१९०५’ या क्रमांकाचा नमुना पहिल्या महायुद्धातल्या असंख्य सैनिकांकडे होता. तंबू, तोफा, ओझी, सगळीकडे दोरच होते. पण लढाईवरून परतलेल्या माणसाच्या नातवंडांना दोर ठाऊक नव्हता, घोडा ठाऊक होता. संग्राहकानं यातून एक व्यवहाराची गोष्ट घ्यावी. बाजारात ‘खलाशाचा’ म्हणून चढ्या भावानं विकले जाणारे बरेच चाकू प्रत्यक्षात शिपायांचे असतात.

२. टोक कुठे गेलं?

या पात्याची धार पट्टीसारखी सरळ असते आणि पाठ शेवटाकडे गोल वळून धारेला मिळते. इंग्रजांना त्यात मेंढीचा खूर दिसला आणि पात्याचं नाव ‘शीप्सफूट’ पडलं.

सरळ धारेचं कारण पुन्हा दोरच. जाड दोर हातात धरून चाकूनं घासत बसायला वादळात वेळ नसतो. दोर लाकडावर ठेवायचा, धार त्यावर टेकवायची आणि पात्याच्या पाठीवर लाकडी खुंटीचा दणका द्यायचा. धार गोलाईची असती तर लाकडाला एका बिंदूतच टेकली असती आणि दोराचे कडेचे धागे तसेच राहिले असते. विळीचं पातं वाकडं असतं, कारण तिथं भाजी पात्यावरून सरकत जाते. इथं पातं सरकत नाही, वरून खाली बसतं. म्हणूनच ते इतकं जाड आहे.

टोक नसण्याचा फायदाही सांगायला नको. हलत्या डेकवर, ओल्या हातांनी, शेजाऱ्याच्या बरगडीपासून वीतभर अंतरावर काम करायचं असतं. कप्तान नव्या खलाशांच्या चाकूंची टोकं मोडून टाकत, म्हणजे भांडणात रक्त सांडणार नाही, अशीही एक कथा आहे. ती बंदरावरच्या गप्पांत शोभते. टोक नसलेलं पातं कामालाच बरं पडतं, त्यासाठी भांडखोर खलाशी कल्पायची गरज नाही.

उरली कडी. ग्रिनिचला जतन करून ठेवलेलं ‘कटी सार्क’ हे १८६९ सालचं शिडाचं जहाज डोळ्यांपुढे आणा. त्याची मुख्य डोलकाठी डेकपासून सुमारे ४६ मीटर उंच आहे, म्हणजे पंधरा मजली इमारत. समजा, वरच्या टोकाशी काम करणाऱ्याच्या हातून चाकू निसटला. हवेचा अडथळा सोडून दिला तर तो साधारण तीन सेकंदांत खाली येईल आणि डेकवर पोचताना त्याचा वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर असेल. चाकू हलका की जड, यानं या वेगात फरक पडत नाही. त्यामुळे कडीत दोरी आणि दोरी अंगाला बांधलेली, हा शिरस्ता होता. जुन्या चाकूची कडी आतल्या बाजूनं झिजून पातळ झालेली असेल तर समजावं की तो खरंच कुणाच्या तरी अंगावर वर्षानुवर्षं लोंबकळत होता.

३. कपाटाचं दार

लाकडी कपाटाचं दार शेवटच्या बोटभर अंतरात आपोआप ओढलं जातं आणि ‘टक्’ करून बसतं. घडीच्या चाकूचं तंत्र असंच आहे. मुठीच्या पाठीत एक लवचिक पोलादी पट्टी असते, ती कमान. पात्याचं बूड चौकोनी असतं आणि कमान त्यावर सतत दाबून असते. बुडाची सपाट बाजू कमानीखाली आली की पातं थांबतं, कोपरा आला की कमान उचलली जाते. उघडताना हाताला जो विरोध जाणवतो आणि शेवटी जो आवाज येतो, तो या कोपऱ्याचा.

इथं कुलूप नसतं. जोर लावला की पातं मिटतं. उघडल्यावर पातं अडकवून ठेवणाऱ्या रामपुरी खटक्याच्या चाकूशी याची गल्लत करू नये.

अमेरिकी संग्राहक या परीक्षेला मजेशीर नाव देतात: चाकूची ‘चाल’ आणि ‘बोल’. पातं सगळीकडे सारख्या विरोधानं फिरतं का, ही चाल. उघडताना आणि मिटताना खणखणीत आवाज येतो का, हा बोल. चाल अडखळत असेल तर बहुधा आत मळ साचलाय आणि त्यावर उपाय आहे. मळ काढूनही बोल आला नाही तर कमान थकली आहे किंवा बुडाचे कोपरे झिजलेत, आणि त्यावर घरगुती उपाय नाही. पातं उघडून अंगठ्यानं डावी-उजवीकडे हलवूनही पाहावं. केसभर हललं तर चालतं, खुळखुळ्यासारखं वाजलं तर खिळा सैल आहे.

४. बुडाशी काय लिहिलंय?

पात्याच्या बुडाजवळ बारीक अक्षरं ठोकलेली असतात. भिंग घेऊन ती वाचणं हा या छंदातला सगळ्यात गोड भाग, आणि बहुतेक वेळा पहिला शब्द निघतो ‘शेफील्ड’.

शेफील्डच का? टेकड्यांवरून उतरणारे ओढे धारेची चाकं फिरवायचे, चाकांना लागणारा वालुकाश्म जवळच होता, कोळसाही होता. चाकू करणाऱ्यांचा संघ १६२४ साली कायद्यानं स्थापन झाला. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला घड्याळाच्या कमानीसाठी एकजिनसी पोलाद हवं होतं. त्यानं मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवण्याची रीत बसवली. कमान आणि पातं, दोन्हींचं नशीब त्यामुळे उघडलं.

काम मात्र जीवघेणं. धार लावणारे चाकामागे घोड्यावर बसावं तशी मांड ठोकून बसत आणि दगडाची धूळ फुप्फुसात घेत. काटे घासणाऱ्यांचं काम कोरड्या दगडावर चाले. त्यांच्यातले बरेच तरुणपणीच खोकून मरत. स्वतंत्रपणे एखाद-दोन कामं करणाऱ्या छोट्या कारागिरांना तिथं ‘लिटल मेस्टर’ म्हणत. त्या परंपरेतले नामांकित कारागीर स्टॅन शॉ चौदाव्या वर्षी इबर्सन कंपनीत लागले, सत्तरहून अधिक वर्षं घडीचे चाकू घडवत राहिले आणि २०२१ मध्ये वारले. इबर्सनच्या चाकूवर छोटं व्हायोलिन असतं, तेव्हा ते दिसलं तर दचकू नये.

प्रत्येक घराण्याची अशी खूण. जोसेफ रॉजर्स यांच्या चाकूवर तारा आणि माल्टी क्रूस. ही खूण १६८२ साली दुसऱ्याच कारागिराच्या नावे नोंदली गेली होती, रॉजर्सकडे ती नंतर आली. वॉस्टनहोमची खूण म्हणजे आय, एक्स, एल ही तीन अक्षरं. इंग्रजीत सलग म्हटली की ‘मी सरस आहे’ असा अर्थ निघतो. जाहिरातबाजी नवी नाही.

आता एक उदाहरण सोडवू. एका चाकूवर कंपनीचं नाव, ‘शेफील्ड, इंग्लंड’, कावळ्याच्या पायासारखा तीन रेघांचा बाण आणि ‘१९४३’ असं दिसतं. अमेरिकेनं १८९० च्या जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यामुळे ‘इंग्लंड’ हा शब्द असलेला चाकू बहुधा त्यानंतरचा, नुसतं ‘शेफील्ड’ असलेला कदाचित आधीचा. बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता. १९४३ हे सैन्यासाठी केल्याचं साल. तीन खुणांनी तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, आणि कंपनीच्या नावाला अजून हातही लावलेला नाही.

बाणाचेही प्रकार आहेत. सी अक्षरात बाण असेल तर कॅनडा. दोन डींच्या मध्ये बाण असेल तर ऑस्ट्रेलिया. तिथल्या व्हिटिंग्स्लो आणि ग्रेगस्टील या नावांचे युद्धकालीन चाकू संग्राहकांना परिचित आहेत. बाणासोबत आय असेल तर तो हिंदुस्थान सरकारचा माल. आणि दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असतील तर सरकारनं ती वस्तू रीतसर विकून टाकली. म्हणजे कुणा शिपायानं ती खिशात घालून घरी नेलेली नाही, असा तो दाखलाच.

आणखी एक खूण: ‘स्टेनलेस’. हॅरी ब्रिअर्ली यानं शेफील्डमध्ये बंदुकीच्या नळ्यांची झीज अभ्यासताना हे पोलाद बनवलं ते १९१३ साली. तेव्हा स्टेनलेस पात्याचा चाकू कुणी ‘नेल्सनच्या काळातला’ (म्हणजे सन १८०० च्या आसपासचा) म्हणून दाखवला तर हसून पुढच्या दुकानात जावं.

५. सांबर, म्हैस आणि एक घातक मूठ

शेफील्डच्या मुठींचा एक धागा थेट हिंदुस्थानात येतो. खडबडीत तपकिरी मुठी सांबराच्या शिंगाच्या, काळ्या गुळगुळीत मुठी म्हशीच्या शिंगाच्या. दोन्ही माल इथून जहाजानं जाई. सांबराचं शिंग दरवर्षी गळतं, आणि जंगलात वेचलेल्या अशा शिंगांवर शेफील्डच्या कारखान्यांची मोठी भिस्त होती. १९९० च्या दशकात भारतानं त्यांच्या व्यापाराचा आणि निर्यातीचा मार्ग बंद केला. भारतातल्या संग्राहकानं सांबरशिंगाची मूठ विकत घेण्याच्या भानगडीत पडूच नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि ‘चाकू शंभर वर्षांचा आहे’ हे त्यापुढे फारसं चालत नाही. हस्तिदंती मुठींना ब्रिटननंही २०१८ च्या कायद्यानं वेसण घातली आहे.

शिंग हा जिवंत पदार्थ असल्यासारखा वागतो. कोरड्या हवेत आकसतं, दमट हवेत फुगतं, आणि खिळ्याशी तडकतं. लष्करी चाकूंच्या मुठी पुढे कृत्रिम पदार्थांच्या झाल्या, त्याचं हे एक कारण.

पण कृत्रिम पदार्थांतला एक फार दगाबाज निघाला. सेल्युलॉइड. जुने सिनेमाचे रीळ याचेच, टेबल टेनिसचे चेंडूही कालपरवापर्यंत याचेच. कासवाच्या पाठीसारख्या किंवा शिंपल्यासारख्या चमकदार मुठी यातून सुंदर होतात. मात्र हा पदार्थ म्हातारा झाला की हळूहळू विघटतो आणि आम्लधर्मी वायू सोडतो. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यातून नत्राम्ल तयार होतं. एखाद्या बंद पेटीत दहा चाकू आहेत, नऊ जणांची पाती अचानक गंजली आणि कारण कळेना, तर दहाव्याची मूठ पाहावी. कापरासारखा वास, मुठीवर घाम आल्यासारखे थेंब, बारीक भेगा. त्याला ताबडतोब वेगळं, मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून लांब ठेवायचं. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

६. राखाडी आणि तांबडं

नवख्या संग्राहकाचा पहिला गुन्हा ठरलेला: चाकू घरी आणला, मशीनवर धरला आणि आरशासारखा चकाचक केला. त्याबरोबर बुडाची अक्षरं पुसट झाली, कडा गोल झाल्या, आणि किंमत खाली आली. किमतीचं सोडा, ज्या पृष्ठभागावर त्या वस्तूचं आयुष्य उमटलं होतं तो धुळीत गेला.

लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं काळसर पडतं. ते डाग घासून निघत नाहीत आणि त्यांनी विळी खराबही होत नाही. जुन्या पोलादावरचा राखाडी-निळसर थर याच जातीचा. तो घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूचं थोडंफार रक्षणही करतो. तांबडा गंज वेगळा. तो सच्छिद्र असतो, ओलावा शोषून धरतो आणि खाली पोखरत जातो. राखाडी ठेवायचं, तांबडं काढायचं, एवढा एक नियम पाळला तरी बरेच चाकू वाचतील.

काढायचं कसं? पाण्यासारखं पातळ खनिज तेल सांध्यात सोडावं आणि चाकू रात्रभर तसाच राहू द्यावा. सकाळी पातं सावकाश उघडावं. नखाची खाच असते, पण जुनी कमान हट्टी असेल तर नख तुटतं, तेव्हा चामड्याच्या तुकड्यानं धरावं. दोन-तीनदा उघडमीट केली की सांध्यातून काळं, शाईसारखं तेल पाझरतं. ते पुसायचं, पुन्हा तेल, पुन्हा उघडमीट. तेल पारदर्शक येईपर्यंत हाच क्रम. मुठीच्या पोकळीत तंबाखूचा भुगा, सुताचे तंतू, वाळू, काहीही सापडतं; ते दात कोरायच्या काडीनं काढावं, सुईनं नव्हे. दहा-बारा फेऱ्यांनंतर मुका चाकू एकदम बोलतो, तो ‘टक्’ ऐकण्यासाठी माणसं हा खटाटोप करतात.

पात्यावरच्या तांबड्या डागांना तेल लावून ठेवावं आणि तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीच्या कडेनं खरवडावं. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि ओरखडा उठत नाही. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचा सल्ला अनेक जण देतात. आम्लाला गंज आणि कोरीव अक्षर यांतला फरक कळत नाही.

खोबरेल मात्र नको. वनस्पती तेलं हवेशी संयोग पावून चिकट होतात, आणि आठ महिन्यांनी तोच सांधा पुन्हा जाम.

धार लावायला सायकलवरून फिरणारा धारवाला मोहात पाडतो. त्याचं फिरतं कोरडं चाक स्वयंपाकघरातल्या सुरीला ठीक. पण जुन्या पात्याच्या पातळ कडेवर ठिणग्या उडाल्या की तिथलं तापमान झटकन चढतं. पोलाद आधी गवतासारखं पिवळं आणि तीनशे अंशांच्या आसपास निळं पडतं. निळं पडलेल्या जागेचा कडकपणा गेला, तो परत येत नाही. ओल्या दगडावर, हातानं, सरळ रेषेत. पात्याचा मूळ कोन धरून चार-सहा हात मारले तरी पुरेत, कारण या चाकूनं आता दोर तोडायचा नाही.

ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नये. म्यान शोभिवंत दिसतं, पण चामडं ओलावा धरतं आणि ते कमावताना वापरलेले क्षार-आम्लं पोलादाला लागतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर ही हमखास गंजाची पाककृती. तेलाचा पुसट हात, सुती कापड, डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी एकदा उघडून पाहणं.

७. घेण्याआधी

नकली मालापेक्षा जोडकामाचा धोका मोठा. एका चाकूचं पातं, दुसऱ्याचा सुळा, नवे खिळे. खिळ्याचं डोकं मुठीशी सपाट आणि तितकंच जुनं दिसतं का, दोन्ही बाजूंचा रंग सारखा आहे का, पातं मिटल्यावर धार कमानीवर आपटत नाही ना, हे पाहावं. धार लावून लावून पातं अर्धं झालेलं असेल तर मिटल्यावर ते मुठीत खोल बुडतं आणि नखाची खाच जवळजवळ धारेला येते. असा चाकू संग्रहाला दुय्यम. पण अक्षरं वाचण्याचा, तेलपाण्याचा सराव करायला त्यासारखा गुरू नाही, आणि तो स्वस्तही मिळतो.

कायद्याचंही भान हवं. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत धारेचा, न अडकणारा घडीचा चाकू सहसा खिशात चालतो. खलाशी चाकूचं पातं त्याहून मोठं असलं तर तो घरीच बरा. भारतात शस्त्र नियमांमधली ओळखीची मर्यादा नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदीची आहे आणि हे चाकू तिच्या खूप खाली येतात, तरी स्थानिक मनाई आदेश निराळे असू शकतात. विमानात जवळच्या पिशवीत तो ठेवलात तर सुरक्षा तपासणीच्या टेबलावरच संग्रहातून वजा झाला असं समजा.

आणि विकणाऱ्याची गोष्ट ऐकण्याआधी सुळा उजेडात धरावा. ज्या चाकूनं खरंच दोर सांधले त्याचा सुळा मुळाशी राखाडी आणि अणीकडे दोन बोटं गुळगुळीत, फिकट असतो. डांबरी पदरांत हजारदा घुसून आलेली ती चकाकी पॉलिशनं आणता येत नाही. अशा एखाद्या सुळ्याच्या शेजारी, काळ्या मुठीवर खिळ्यानं ओरखडलेली दोन अक्षरं असतात, कुणाच्या तरी नावाची, वेडीवाकडी, त्यातलं दुसरं घाईत काढलेलं.